डंक थांबल्यावर

शुक्रवारी सकाळी दहाला एक मिनिट कमी असताना रुद्राणीनं डंकाचं बटण खाली ओढलं, तेव्हा खरं सांगायचं तर तिच्या मनात शाहू महाराज नव्हते, रांगेतले एकवीस डबे होते. मे महिना. अख्खं कोल्हापूर वर्षाची चटणी करून ठेवायच्या घाईत, आणि शुक्रवार पेठेत चटणी कांडायची तर मल्लाप्पांच्या डंकावरच. लोखंडाची चार मुसळं, खाली चार उखळं, मागं मोटर आणि पट्टा. सकाळी आठला सुरू झाला की रात्री आठपर्यंत धाड धाड धाड. अशा दिवसांत डंक थांबवायचा म्हणजे वरातीच्या ऐन रंगात बँडवाल्यानं जेवायला बसायचं. पण चार दिवस रिक्षा ओरडत फिरली होती. महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली, शुक्रवारी दहा वाजता जो जिथं असेल त्यानं तिथंच शंभर सेकंद उभं राहायचं. आमचं गाव एरवी सख्ख्या बापाचं ऐकणार नाही, पण महाराजांचं नाव काढलं की मान खाली. समोरच्या भजीवाल्यानं कढईखालचा गॅस बंद केला. के.एम.टी.ची बस होती तिथं थांबली. रांगेतल्या बायका पदर सावरून उठल्या. पट्टा मंदावला, मुसळं आणखी चार-पाच वेळा पडली, दर वेळी जरा उशिरा, आणि थांबली.

मग शांतता आली, आणि ती रुद्राणीला वाटली होती तशी नव्हती. तिला वाटलं होतं, आवाज जाईल आणि बरं वाटेल, भर उन्हातनं घरात आल्यावर वाटतं तसं. तर आधी कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. तळपाय अजून थरथरत होते. फरशी थांबली होती, पण पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं. दारातनं येणाऱ्या उन्हात तिखटाचा लाल धुरळा सावकाश खाली बसत होता आणि तो बसतानाही आवाज होईल असं तिला वाटलं. आणि तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या आडोशाआडनं कुणीतरी बोललं. "निधान. निधान हाक. साक. साक गं रुद्राणी. निधान." शब्द एकेक करून पडत होते, मुसळ जिथं पडायचं नेमक्या त्याच जागी. मग थांबलेल्या मुसळांचा ताल त्या आवाजाच्याही हातातनं सुटला, आणि 'हा'वर अडकून तो बंद झाला. कानडी होतं ते: हळू. हळू घाल. पुरे. पुरे गं रुद्राणी. मल्लाप्पांची कामाची भाषा कानडी, आणि रुद्राणीही गडहिंग्लजकडची असल्यानं तिला त्यातलं अक्षर न् अक्षर कळलं. आडोशाआड दिवाणावर पडलेले मल्लाप्पा तिचे सासरे. अंगावरनं वारं गेल्यापासून, म्हणजे दीड वर्षात, ते कुणाशीच एक शब्द बोलले नव्हते. आणि रुद्राणीशी बोलून तर नऊ वर्षं झाली होती.

तिला हलता आलं नाही. शंभरातले वीस सेकंद फार तर गेले असतील. एकवीस बायका माना खाली घालून उभ्या, रस्त्यावरचा एक माणूस हलत नाही, मोटरसायकलवरची पोरंसुद्धा पाय टेकून गप. यात एक पाऊल टाकलं असतं तर तिच्या चपलेचा आवाज भवानी मंडपापर्यंत गेला असता. ती उभी राहिली. महाराजांच्या नावानं अख्खं गाव उभं होतं आणि ती सासऱ्याच्या नावानं उभी होती. नऊ वर्षं. वीरेश गेला त्याला नऊ वर्षं. तिचा नवरा, मल्लाप्पांचा थोरला, तिखटाच्या धुरळ्यात रांगलेला आणि त्याच धुरळ्यानं छाती खाल्लेला. शेवटचे तीन महिने आतल्या खोलीत तो नुसता श्वास घेत होता. आत घेताना शीळ, सोडताना चरचर. समाधी देऊन घरी आले, आणि मल्लाप्पांनी डंकाचा पट्टा उतरवून खुंटीला टांगला. म्हणाले, महिनाभर घरात आवाज नको. आपल्या लिंगायतांत सुतक नाही, विटाळ नाही. पण मला शांतता पाहिजे. ते वीरेशच्या रिकाम्या कॉटशेजारी बसायचे, तळहातावर इष्टलिंग घेऊन, सकाळ-संध्याकाळ, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी ऐकत असल्यासारखा भाव असायचा. आणि त्याच शांततेत रुद्राणीला भिंतीतनं शीळ ऐकू यायची. भांडी घासताना चरचर. नळ बंद केला की शीळ. कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, बाईचं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, तोंडाला फडकं बांधलं, पट्टा चढवला आणि बटण वर केलं. उखळात मिरची नव्हती, काही नव्हतं. लोखंडावर लोखंड. सगळी पेठ दारात गोळा झाली. मल्लाप्पा बाहेर आले, आणि त्या दणक्यातही तिला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "माझं पोरगं मला ऐकू येत हुतं! तू त्येला बुजिवलंस!"

तेवढंच. त्यानंतर अबोला. म्हाताऱ्याचा अबोला म्हणजे काय विचारता! चौथ्या दिवशी ते स्वतः तोंडाला टॉवेल बांधून डंकावर आले, पलीकडच्या दोन उखळांपाशी उभे राहिले, आणि साडेसात वर्षं तिथंच उभे राहिले, तिच्यापासून हातभर अंतरावर. धाकटा दीर अमरेश जयसिंगपूरला खतांचं दुकान चालवायचा. तो म्हणाला होता, डंक विकू. दोघांनीही, एकमेकांशी न बोलता, नाही म्हणून सांगितलं. काही सांगायचं झालं तर मल्लाप्पा चाळायला बसलेल्या चिमणाबाईला सांगायचे: "चिमणाबाई, तिला सांग, पट्टा ढिला झालाय." आणि रुद्राणी म्हणायची, "चिमणाबाई, मामास्नी सांगा, दिसतंय मला." चिमणाबाई बिचारी मधे बसून तार-ऑफिस झाली होती. मग दीड वर्षापूर्वी एका सकाळी मल्लाप्पा उखळावरच कलंडले. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. व्यायाम करून घ्यायला येणारी पोरगी म्हणाली होती, काहींना बोलता येत नाही पण ताल मिळाला की शब्द येतात, भजन लावून बघा. लावलं. मल्लाप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. आतल्या खोलीत ठेवलं तर डाव्या हातानं तांब्या-भांडी पाडायचे. शेवटी वैतागून डंकामागं आडोसा करून दिवाण टाकला, तेव्हा कुठं शांत झाले. आणि कालच, गुरुवारी, अमरेशचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, ती मल्लाप्पांच्या तोंडात पेज घालत होती. "वहिनी, तिखटाच्या त्या धुरळ्यात अप्पा किती दिवस काढणार? रविवारी गाडी घेऊन येतो, घेऊन जातो." आणि ती म्हणाली होती, न्या. तिला हलकं वाटलं होतं. कुणापुढं कबूल केलं नाही, पण वाटलं होतं.

कुठंतरी हॉर्न वाजला. बस हलली, भजीवाल्यानं गॅस पेटवला, आणि रांगेतल्या बायका एकदम बोलायला लागल्या, धरून ठेवलेला श्वास सोडल्यासारख्या. प्रत्येकीला काहीतरी ऐकू आलं होतं. एकीला अंबाबाईच्या देवळातली घंटा, एकीला आपलेच गुडघे. बिद्रीहून लेकीकडं आलेली एक म्हातारी म्हणाली, "मला तर आमच्या कारखान्याचा भोंगाच ऐकू आला बाई. हंगाम संपून किती दीस झालं, पर आला की!" चिमणाबाई चाळणी झटकत म्हणाली, "मला कायबी आलं न्हाई. लई ग्वाड वाटलं. तुला गं, रुद्राणी?" रुद्राणी म्हणाली, "म्हातारा." आणि ती आडोशाआड गेली. मल्लाप्पा उताणे पडून पत्र्याकडं बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, पण तोंडाचा डावा कोपरा ओला, आणि छाती भरभर वर-खाली होत होती, जिना चढून आल्यासारखी. "मामा, बोललासा तुमी." ती दिवाणापाशी वाकली. "माझं नाव घेटलंसा. मी ऐकलंय." त्यांनी डाव्या हातानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. पापणी हलेना. पण ऐकतच नसलेला माणूस असा मुद्दाम दुसरीकडं बघत नाही, हे तिला नऊ वर्षांच्या सरावानं कळत होतं.

तिला राग आला. दुःख, दया, जे काय यायचं ते मागनं आलं. आधी राग आला. बाहेर येऊन तिनं बटण वर केलं आणि मिरची घालायला लागली, आणि घालताना पहिल्यांदाच तिचा हात थबकला. हळू घाल. आपण भसकन घालतो, हे तिला ठाऊक होतं. ब्याडगी एकदम घातली की मुसळाखालनं उडते. म्हणजे पत्र्याआडनं, नुसत्या आवाजावरनं, तो माणूस तिची प्रत्येक मूठ ओळखत होता. आणि दर दणक्याला सांगत होता, आणि त्याच दणक्याखाली त्याचं सांगणं चिरडलं जात होतं. डंक चालू, तोवर त्याला शब्द सापडत होते. डंक थांबला की संपलं. जेव्हा बोलता येत होतं तेव्हा कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येण्यासारखं झालं की त्याला बोलता येत नव्हतं. हे देवानं केलं असेल तर देव चावट आहे, असं तिच्या मनात आलं. दुपारी भाकरी खाताना तिनं हे चिमणाबाईला सांगितलं, आणि चिमणाबाईचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "अगं, पयल्यापास्नंच की. बरा हुता तवाबी टावेल हलायचा त्येचा, डंक चालू असला की. मला वाटायचं, तंबाकू चघळतोय." "मामा तंबाखू खात न्हाईत." "व्हय की," चिमणाबाई म्हणाली, आणि हातातला घास तिनं ताटात ठेवला. साडेसात वर्षं. टॉवेलाआड, दणक्याआड, अबोला न मोडता, तो माणूस तिच्याशी हातभर अंतरावरनं बोलत होता. काय बोलला असेल? शिव्या दिल्या असतील? नुसतं हळू घाल, चाळ, पुरे? का आणखी काही? ते सगळं कुठं गेलं? चटणीत गेलं. लोकांनी भाकरीबरोबर खाल्लं.

रविवार दोन दिवसांवर होता. रुद्राणी हट्टाला पेटली म्हणजे कशी पेटते हे पेठेनं एकदा बघितलं होतं. चिमणाबाईनं आपला मोबाइल म्हाताऱ्याच्या उशीखाली सरकवून ठेवला. तासाभरानं ऐकला तर नुसतं धाड धाड, माणसाचा मागमूस नाही. डंक चालू ठेवून रुद्राणी दबक्या पावलांनी आत गेली. तिचे पाय आडोशाखालनं दिसले की मल्लाप्पांचे ओठ मिटायचे. म्हणजे हलत होते. नुसतं एवढंच कळलं आणि तेवढ्यानं तिचं रक्त आणखी तापलं. एकच रस्ता उरला होता. मधेच, न सांगता, अवचित डंक बंद करायचा. शनिवारी सकाळपासून तिनं तेच सुरू केलं. उखळ भरलेलं, बाया ओळीनं बसलेल्या, आणि फट्कन बटण खाली. मुसळं चार-पाच वेळा पडायची, ती कान लावायची. पण ती काय शंभर सेकंदांची शांतता होती? बटण खाली झालं की रस्त्यावरचा हॉर्न, भजीवाल्याचा झारा, बायकांची बडबड सगळं आत घुसायचं. गप बसा गं म्हणून ती खेकसायची. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा पत्र्याआडनं नुसतं एक खाकरणं. रांगेत पेन्शनीतले हंबीरराव मांडीवर डबा घेऊन बसले होते, ते भडकले. "ओ बाई, सकाळधरनं बघतोय, मोटर बिघडलीया काय?" "मोटर बरी हाय पावणं, मानूस बिघडलाय." "मग मानसाला दावाखान्यात न्या की, आमची चटणी का अडिवताय?" "आज अडणारच. घाई असली तर गंगावेशीत जावा." हंबीरराव गेले नाहीत. रांगेतली माणसं भांडतात, पण रांग सोडत नाहीत.

चौथ्यांदा तिनं बटणाला हातच लावला नाही. चाळणीपाशी चिमणाबाईशेजारी जाऊन बसली, हसली, मिरच्यांची देठं खुडत राहिली, पाऊण तास. म्हातारा निवांत झाला असेल असं वाटलं तेव्हा तिनं चिमणाबाईला डोळ्यानं खुणावलं. चिमणाबाईनं बटण ओढलं आणि रुद्राणीनं पत्र्याला कान लावला. पत्रा तापलेला होता, कान भाजला. पलीकडनं, मावळत्या मुसळांवर, स्वच्छ: "जाऊ का? जाऊ का मी? रुद्राणी, जाऊ..." आणि संपलं. ती पत्र्यापाशी तशीच राहिली. चिमणाबाई खुणेनं विचारत होती काय म्हणाला. म्हाताऱ्यानं मराठीत विचारलं होतं. कामाची भाषा नव्हती ती. गुरुवारी स्पीकरवरचा फोन त्यांनी ऐकला होता, तिचं 'न्या' ऐकलं होतं, आणि तेव्हापासून, शुक्रवारचं हळू घाल, पुरे हे सगळं सोडून, प्रत्येक दणक्याला ते विचारत बसले होते. किती वेळा विचारलं असेल? मिनिटाला साठ दणके धरले तरी. तिनं हिशेब सोडून दिला. तिच्याकडनं उत्तर आलं नव्हतं. आणि नऊ वर्षं ज्या घरात उत्तर न देणं हेच उत्तर होतं, तिथं म्हाताऱ्यानं त्याचा अर्थ काय लावला असेल?

संध्याकाळी उखळं पुसताना तिच्या मनात आलं, अमरेशला फोन करून नको येऊ म्हणावं, विषय संपला. पण का संपला? मामांना खरंच जायचं असेल तर? जाऊ का म्हणणारा माणूस नको म्हण असं सुचवतो, की सोड म्हणतो? तिकडं मोकळी हवा आहे, नातवंडं आहेत, धाकटी सून दोन वेळचं करील. इथं तिखट आहे आणि ती आहे. आणि तिला स्वतःला काय पाहिजे? हा प्रश्न आला तेव्हा ती उखळात वाकलेली होती, आणि उखळातनं तिला आपलाच श्वास घुमून ऐकू आला. म्हातारा गेला तर घरात तिच्याशी न बोलणारं कोणी उरणार नाही. कुणी म्हणेल, हे काय सुख? पण हातभर अंतरावर उभं राहून साडेसात वर्षं रागावलेला माणूस हाही माणूसच असतो, आणि तो जाताना तुमचा अर्धा जन्म घेऊन जातो. तिला अंदाज नको होता. अंदाजावर पुष्कळ दिवस काढले होते. तिला त्यांच्या तोंडचा शब्द पाहिजे होता, समोरासमोर, टॉवेल नाही, पत्रा नाही. ताल पाहिजे ना त्यांना? देते ताल. तिनं फडकं पिळलं आणि दाराला बाहेरनं पाटी अडकवली, उद्या डंक बंद.

रविवारी अकराला अमरेश आला. मनानं वाईट माणूस नव्हे तो; मागच्या सीटवर गादी अंथरून आणली होती, बायकोनं डब्यात मऊ खिचडी दिली होती. बंद डंक बघून तो दारातच थबकला. "वहिनी, हे काय? ऐन हंगामात?" आडोसा काढून टाकलेला, मल्लाप्पा उशीला टेकून बसवलेले, अंगात धुतलेली बंडी, कपाळाला विभूती. चिमणाबाई सुट्टी असून आली होती आणि भिंतीला चिकटून उभी होती. "बसा भावजी," रुद्राणी म्हणाली, आणि स्वतः दिवाणाच्या कडेला खाली बसली. उजवा तळवा तिनं लाकडी फळीवर आपटला. धप्. मग थांबली, मुसळ वर जायला जेवढा वेळ लागतो तेवढी, आणि पुन्हा. धप्. "मामा, काल इचारत हुतासा ते आता इचारा. मी हितं हाय." धप्. मल्लाप्पांनी तिच्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत आधी धसका होता, चोरी पकडली गेल्याचा. मग तो जुना हट्ट आला आणि ओठ मिटले. धप्. ती मारत राहिली. ताल किंचितही चुकू दिला नाही. लग्न होऊन आल्यापासून सतरा वर्षं तो तिच्या हाडांत बसला होता, मनगटाला वेगळं शिकवावं लागलं नाही. अमरेश पुढं आला. "वहिनी, काय चाललंय हे? लोक बघायला लागलेत." "बगू देत." धप्. "अहो, त्यांना त्रास होतोय!" त्यानं तिचा हात धरला. "त्येंचा त्रास मला म्हाईत हाय. हात सोडा भावजी." त्यानं सोडला.

किती वेळ गेला कुणी मोजला नाही. दारात चारदोन माणसं जमली, चिमणाबाईनं त्यांना हाकललं. तळव्याची आधी आग झाली, मग तो बधिर झाला, मग कोपरापर्यंत कळ यायला लागली. रुद्राणीला एकदा वाटलं, आपण चुकलो, हे लोखंड नव्हे, लाकूड आहे. म्हाताऱ्याचे शब्द लोखंडातच अडकलेत. तरी तिनं हात थांबवला नाही. थांबवला तर मग अंदाजच उरणार होता. आणि मल्लाप्पांचा डावा अंगठा चादरीवर हलला. धप्पाबरोबर. मग ओठाचा डावा कोपरा. "जा." धप्. "तो." धप्. "मी." धप्. "जातो." अमरेश रडायलाच लागला. "अप्पा! अप्पा बोलले!" त्यानं वडिलांचे पाय धरले, डोळे पुसले, आणि मग जरा वेळानं, चांगल्याच मनानं, म्हणाला, "झालं की वहिनी. त्यांच्याच तोंडनं आलं. आता निघूया."

खरंच होतं. त्यांच्याच तोंडनं आलं होतं. दोन दिवस जिवाचं रान करून तिनं जो शब्द मागितला तो मिळाला होता, आणि तो हा होता. रडायला लागली असती तर हात थांबला असता. "ऐका मामा," ती म्हणाली. धप्. "तुमी इचारलंसा तवा डंक चालू हुता. मला ऐकू आलं न्हाई." धप्. "ऐकू न येनं म्हंजे व्हय न्हवं. माझं उत्तर तुमचं तुमीच ठरिवलंसा." धप्. मल्लाप्पा तिच्याकडं बघत होते, पापणी न हलवता. "आनि आता तोंड उघडलंयसा न्हवं? मग आदी भांडा. नऊ वर्सांचं भांडान हाय. त्ये मिटल्याबिगर त्या गाडीत पाऊल टाकायचं न्हाई. मिटलं की मग खुशाल जावा, मी सोता बसवून देते." अमरेश म्हणाला, "वहिनी, अहो..." आणि चिमणाबाईनं त्याच्या दंडाला धरून त्याला मिरचीच्या पोत्यावर बसवलं. "गप बसा ओ. लई वर्सं वाट बगितलीया आमी." मल्लाप्पांच्या नाकपुड्या फुलल्या. तो चेहरा अर्धा मेलेला होता, पण उरलेल्या अर्ध्यात सगळा माणूस गोळा झाला. "तू." धप्. "आदी." धप्. "बोल."

आता पाळी तिची होती आणि तिला शब्द सापडेनात. ताल होता, तोंड मोकळं होतं, वाचा शाबूत होती, आणि तरी. मग ते आलं, एकदम, उलटी यावी तसं. "मलाबी ऐकू यायचा त्यो," ती म्हणाली. "वीरेश. त्येचा दम. भिंतीतनं, नळातनं. तुमी म्हनलासा, मी त्येला बुजिवला. व्हय, बुजिवला!" धप्. "तुमास्नी तुमचं पोरगं ऐकू यायचं. मला त्येचं मरान ऐकू यायचं. सोसंना, म्हनून डंक लावला." तिचा आवाज चिरकला. पोत्यावर अमरेशनं मान खाली घातली. हे त्या घरात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. तिनं स्वतःसुद्धा नाही. धप्. धप्. धप्. मल्लाप्पांचा चेहरा वेडावाकडा झाला, कपाळाच्या शिरा उभ्या राहिल्या, डाव्या डोळ्यातनं पाणी आलं आणि कपाळावरचा घाम विभूतीत मिसळून गालावरनं पांढरा ओघळला. पण आवाज आला तो रडका नव्हता. तापलेला होता, डंकावरच्या मालकाचा होता. "मग." धप्. "सांगायचं." धप्. "न्हाईस." धप्. "व्हय?"

"कुनाला सांगू?" रुद्राणी ओरडली. "तुमी बोलत हुतासा व्हय माझ्यासंगं?" "हुतो!" ते ओरडले. हा शब्द तालाची वाट न बघता आला, दोन दणक्यांच्या मधेच, आणि सगळ्यांनी ऐकला. उजवा तळवा सुजून लाल झाला होता. तिनं आपला डावा तळवा फळीवर आपटला. धप्.